कानातले बोळे आणि आजीच्या अकरा कॅसेटी



गेल्या दिवाळीपासून ओळखीच्या चार-पाच घरांतून मला एकच प्रश्न विचारला गेला. आई-बाबांसाठी गाणी भरलेला छोटा प्लेअर आणलाय, त्याला परवडेल असा बरा इअरफोन कोणता घ्यावा? मी काही इंजिनिअर नाही. इंदूर विद्यापीठाचा बी.कॉम., आणि पुढे सगळी नोकरी बँकेत. पण कर्जाचा अर्ज आला की पार्टीचा मागचा इतिहास बघायचा, ही सवय हाडात मुरलेली आहे. या इअरफोनच्या बाबतीतही तेच केलं. डब्यावर जे आकडे छापतात त्यांचा अर्थ मला त्या वस्तूचा इतिहास वाचल्यावरच कळला. तो इतिहास आपल्या इंदूरच्या मराठी घरांतूनही गेलेला आहे, म्हणून थोडा सविस्तर लिहितो.

आमच्या लहानपणी ऐकणं ही एकट्याने करायची गोष्ट नव्हती. वाड्यात रेडिओ एक, तोही मालकांकडे. त्याला लायसन्स लागे आणि लायसन्सचे पैसे पोस्टात भरावे लागत. १९५५ साली मालवा हाउसमधून आकाशवाणी इंदूर सुरू झालं. त्याआधी १९५२ च्या सुमारास केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती, त्यामुळे बुधवारी रात्री अख्खा वाडा रेडिओ सिलोनला चिकटलेला असे. केसकर आपलेच मराठी, म्हणून मालकांच्या ओट्यावर त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी वाद होत. कुणी म्हणे बरं झालं, पोरं अभंग ऐकतील. पोरं सिलोन ऐकत होती. रात्री हवा साथ देईल तेव्हा मुंबई केंद्र लागायचं आणि खरखरीतून एखादं नाट्यगीत यायचं. घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी असं वाढलेल्या आम्हा मुलांना दूरच्या महाराष्ट्रातली मराठी अशी, खरखरीसकट, ऐकायला मिळाली.

माझ्या पाहण्यातला पहिला हेडफोन चुलतभावाचा. त्याने क्रिस्टल सेट बनवला होता. वीज नाही, बॅटरी नाही. गच्चीवर लांब तार, दुसरी तार नळाला बांधलेली, मध्ये गुंडाळी आणि एक डायोड. लष्करी भंगारातून आलेला काळा, जड हेडफोन त्याने बाजारातून आणला होता. तो डोक्यावर चढवला की पाच मिनिटांत कान लाल व्हायचे. पण स्थानिक केंद्र स्वच्छ लागायचं. भाऊ एक कान स्वतःला ठेवी आणि दुसरा मला देई.

त्या जातीच्या हेडफोनचा मूळ पुरुष अमेरिकेतला. युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि १९१० मध्ये ते अमेरिकन नौदलाला विकले. पुढे घराघरांत रेडिओ आला तेव्हा क्रिस्टल सेटसाठी अशाच हेडफोनांना मागणी आली. त्यांच्यावर २००० ओहम असा आकडा असे. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. क्रिस्टल सेटला स्वतःची ताकदच नसते, हवेतून आलेल्या चिमूटभर विजेवर त्याला आवाज काढायचा असतो. म्हणून आत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे देत आणि त्यामुळे तो आकडा एवढा मोठा होई. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दुकानात लागणार आहे.

संगीतासाठी म्हणून चांगले हेडफोन त्यानंतर आले. जर्मनीतल्या बायर कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ काढला. त्यात छोट्या लाउडस्पीकरसारखी रचना होती आणि आज आपण वापरतो ते बहुतेक सगळे हेडफोन त्याच तत्त्वावर चालतात. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी घरी स्टिरिओ रेकॉर्ड ऐकण्यासाठी हेडफोन आणला. १९६८ मध्ये जर्मन सेनहायझरने एचडी ४१४ काढला. हलका, पिवळ्या स्पंजचा आणि मागून उघडा. उघडा म्हणजे आतला आवाज थोडा बाहेर जातो, बाहेरचा थोडा आत येतो, आणि गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही. यातलं आमच्या वाड्यात अर्थातच काही आलं नाही. आमच्याकडे आला तो ट्रान्झिस्टर.

चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर आणि त्याच्याबरोबर एका कानाचा, साय रंगाचा छोटा इअरफोन. ही वस्तू इंदूरमध्ये गाण्यापेक्षा क्रिकेटसाठी जास्त वापरली गेली. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकलेलं हे शहर. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांची नावं इथे घरच्या माणसांसारखी घेत. मी बँकेत लागलो त्याच हिवाळ्यात, १९७२-७३ ला, टोनी लुईसचा इंग्लंड संघ भारतात आला होता. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ कारकून गळ्याला मफलर गुंडाळून बसत. मफलरमधून वायर कानात आणि ट्रान्झिस्टर ड्रॉवरमध्ये. विकेट पडली की पैसे काढायच्या स्लिपच्या मागे स्कोअर लिहून चिठ्ठी काउंटर ते काउंटर फिरायची, ती थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनपर्यंत जायची. साहेब चिठ्ठी वाचून टोपलीत टाकत आणि कडक चेहऱ्याने बाहेर बघत. आपण ती मालिका २-१ ने जिंकलो. पुढे हिंदी कॉमेंटरीत आपल्या इंदूरच्याच सुशील दोशींचा आवाज घुमू लागला तेव्हा तर मफलर उन्हाळ्यातही दिसायला लागले.

सांगायचं ते हे की, तो इअरफोन एकाच कानात असला तरी ऐकत सगळेच होते.

१ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला. मॉडेल टीपीएस-एल२, किंमत ३३,००० येन. त्यात रेकॉर्डिंग नव्हतं, स्पीकर नव्हता. हे कोण घेणार, अशी शंका कंपनीतच होती. पण त्या यंत्राची खरी करामत बरोबरच्या हेडफोनमध्ये होती. तोपर्यंतचे बरे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असत, हा सुमारे ५० ग्रॅमचा. आणि गंमत म्हणजे पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन भोकं होती, शिवाय एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटण. म्हणजे माणूस एकटाच ऐकेल हे बनवणाऱ्यांनाही तेव्हा पटलेलं नव्हतं!

त्याची पिनही बघण्यासारखी आहे. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाई ट्रंककॉल जोडताना जी जाड पिन खुपसत, तिचंच हे धाकटं भावंड. जाड पिन पाव इंचाची, ही साडेतीन मिलिमीटरची. एकोणिसाव्या शतकातली ही रचना २०१६ मध्ये आयफोन ७ मधून भोक काढून टाकेपर्यंत जवळजवळ प्रत्येक खिशात होती आणि छोट्या प्लेअरमध्ये अजूनही आहे.

आमच्याकडे वॉकमन आला तो आखातात नोकरीला गेलेल्या मेव्हण्यामुळे. पण त्याआधी घरात टू-इन-वन आला होता, आणि इथून माझ्या या सगळ्या खटाटोपाचं कारण सुरू होतं.

फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली कॅसेट १९८० नंतर आपल्याकडे इतकी स्वस्त झाली की लोक घरातली माणसंही टेप करू लागले. १९८४ च्या उन्हाळ्यात आमच्या वडिलांनी आजीला बोलतं केलं. आजी ऐंशीच्या घरात होती. तिने होळकरांच्या काळातली इंदूरची हकिगत, दसऱ्याची स्वारी, प्लेगच्या वेळी गाव सोडून शेतात राहिलेले दिवस, जात्यावरची गाणी आणि आमचं घराणं महाराष्ट्रातून इथे कसं आलं ते सगळं सांगितलं. अकरा कॅसेटी भरल्या. समोर टेबल फॅन चालू, मागे स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, मध्येच सायकलवरचा कुल्फीवाला. आजी गेली, वडील गेले, कॅसेटी एका बिस्किटांच्या डब्यात राहिल्या. चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने त्या संगणकावर उतरवून छोट्या प्लेअरमध्ये भरल्या.

आता आपल्यासारख्या घरांची एक अडचण तुम्हाला ठाऊक आहे. दोनशे-सव्वादोनशे वर्षं इथे राहिल्यावर आडनाव उरतं, कुलदैवत उरतं, मूळ गाव धूसर होतं. आमच्या घरात मूळ गाव 'वाई' असं सांगत आले. कृष्णाकाठची वाई. वडिलांच्या पिढीतली दोन माणसं तिथे जाऊनही आली, पण धागा लागला नाही. सातव्या कॅसेटमध्ये आजी गावाचं नाव घेते आणि नेमका त्याच वेळी फॅनचा घरघराट. स्पीकरवर पुन:पुन्हा लावलं. कुणाला 'वाई' ऐकू येई, कुणाला 'वावी'. वावी म्हणजे नाशिक जिल्ह्यातली, सिन्नर तालुक्यातली. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे आणि त्या मुलखातून होळकरांबरोबर माळव्यात आलेली माणसं थोडी नाहीत. म्हणजे दोन्ही गावं शक्य. फरक फक्त एका 'व'चा.

आजीची बोलण्याची ढब ओळखणारं आता एकच माणूस उरलंय, माझी मोठी ताई. वय ८४. देवासला मुलाकडे असते. पडल्यापासून अंथरुणावर आहे आणि कानही मंदावलेत. तिला स्पीकरवर ऐकवलं तर म्हणाली, "अरे, मला नुसता पंखा ऐकू येऊन राहिला."

म्हणून मी इअरफोन शोधायला निघालो. बजेट हजार रुपये. जेल रोडपासून महाराणी रोडपर्यंत फिरलो. एका दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, ये लो, इसमें बेस बहुत है." बेस म्हणजे खर्जाची धमक. आमच्या फॅनची घरघर नेमकी त्याच भागात होती! खालच्या पट्टीचा मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो, हा कानाचाच स्वभाव आहे. माणसाचं बोलणं कळायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो आणि जुना टेलिफोन तेवढ्यावरच चालत असे. जो इअरफोन धमक वाढवतो तो फॅन वाढवणार आणि आजीला झाकणार. मला उलटा हवा होता, मधला पट्टा स्वच्छ असलेला.

आता या फिरण्यातून जे हाताशी लागलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, ओहम. छोट्या प्लेअरची ताकद बेताची असते. त्याला १६ ते ३२ ओहमचा इअरफोन योग्य. स्टुडिओतले काही हेडफोन ६०० ओहमचे असतात. ते कितीही उत्तम असले तरी आपल्या प्लेअरवर पुटपुटतील. क्रिस्टल सेटचे २००० ओहम त्या काळाला बरोबर होते, आजच्या खिशातल्या यंत्राला नाहीत.

दुसरं, संवेदनशीलता. डब्यावर डेसिबलमध्ये लिहिलेली असते. १०० च्या आसपास असली की छोट्या प्लेअरवर आवाज पुरेसा होतो.

तिसरं, '२० ते २०,००० हर्ट्झ'. हे जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतं. त्यात कुठला आवाज किती वर-खाली होतो ते लिहिलेलं नसतं, म्हणून निवड करायला त्याचा उपयोग नाही. ताळेबंदात नुसती एकूण बेरीज दाखवावी आणि आतल्या नोंदी दाखवू नयेत, तसं. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या कानाला वरच्या टोकाचे आवाज ऐकू येतच नाहीत. त्यासाठी जास्त पैसे का द्यायचे? आतल्या पडद्याचा आकार मिलिमीटरमध्ये छापतात, त्यावरूनही प्रत ठरत नाही.

चौथं, घडण. कानात रबरी टोपी घुसवून बसणारे बाहेरचा आवाज अडवतात, त्यामुळे बस-रेल्वेत आवाज कमी ठेवून भागतं. पण टोपी मापाची हवी. लहान-मध्यम-मोठी अशा तीन जोड्या मिळतात, त्या घालून बघाव्यात. सैल बसली की खर्ज गळतो आणि लोक उगीच इअरफोनला नावं ठेवतात. वयस्क माणसांना मात्र कान बंद झाल्यासारखं वाटतं, स्वतःचं चावणंसुद्धा मोठं ऐकू येतं, दाराची बेल कळत नाही. त्यांच्यासाठी डोक्यावरून घ्यायचा, स्पंजचा, हलका, उघडा हेडफोन बरा. वॉकमनच्या वंशातला. तो घालायला कापऱ्या हातांनाही जमतो, आणि सूनबाईने हाक मारली तर ऐकू जाते.

पाचवं, वायर की बिनवायर. तरुणांनी काय ते घ्यावं. ज्येष्ठांना वायरचा द्यावा. चार्जिंग नको, जोडणी नको, एक बोळा पलंगाखाली हरवायला नको. वायर पिनेपाशी आणि फाट्यापाशी तुटते, म्हणून तिथलं रबर जाड आणि लवचीक आहे का ते बघावं. माइक असलेल्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, साध्याच्या पिनेवर दोन. काही जुन्या प्लेअरमध्ये तीन रेघांची पिन नीट बसत नाही आणि गायक विहिरीत गेल्यासारखा वाटतो, नुसती साथ ऐकू येते. तसं झालं तर साध्या पिनेचा घ्यावा.

सहावं, परीक्षा. दुकानदाराचं गाणं ऐकू नका, आपलं न्या. मी दोन नेले होते. एक आजीची सातवी कॅसेट आणि दुसरं उस्ताद अमीर खांसाहेबांचा विलंबित ख्याल. खांसाहेबांचा मंद्र सप्तक ही मोठी कसोटी आहे. धमकवाल्या इअरफोनमध्ये तो स्वर नुसता घुमतो. चांगल्यात तो स्वर म्हणून ऐकू येतो, आणि मागे तानपुऱ्याच्या तारा सुट्या लागतात. एवढं एका मिनिटात कळतं.

सातवं, हिशेब. मी घेतलेला स्पंजचा हेडफोन ७०० रुपयांचा. रोज एक तास, दोन वर्षं टिकला तर ७३० तास. तासाला ९६ पैसे. तीन हजारांचा असता तर तासाला चार रुपये, आणि ताईच्या कामासाठी त्याने काही जास्त केलं नसतं.

आठवं आणि महत्त्वाचं, आवाज किती. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल पातळी आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा सांगते. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. नातवंडांना हे सांगा. आणि ज्यांना खरंच कमी ऐकू येतं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. इअरफोन हे श्रवणयंत्र नव्हे.

तर तो हेडफोन घेऊन मी आणि भाचा देवासला गेलो. भाचा म्हणाला, "मामा, आवाज मी बघतो, तुम्ही तिचा चेहरा बघा." सातवी कॅसेट लावली. ताई डोळे मिटून ऐकत होती. आधी हसली, कारण कुल्फीवाला आला होता. मग ते वाक्य आलं. तिने हात वर करून परत लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "ती वाई नाही म्हणून राहिली रे. वावी म्हणून राहिली. आजी वाईची ई लांब ओढायची, देवळाचं नाव घेताना ओढायची तशी. इथे ओढ नाही." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. आम्ही चहा घेतला तरी तिने हेडफोन काढला नाही.

बँकेच्या भाषेत ही नोंद अजून सस्पेन्स खात्यात आहे. एका व्हाउचरवर खातं बंद करत नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या जुन्या चोपड्या असतात. त्यात आमच्या आडनावापुढे कुठलं गाव लिहिलंय ते बघायला भाचा पावसाळ्यानंतर जाणार आहे. तोपर्यंत ताई रोज दुपारी एक कॅसेट ऐकते आणि न कळणारे शब्द सूनबाईला वहीत उतरवायला लावते. आजवर बेचाळीस शब्द झाले. जात्याच्या भागांची नावं, लुगड्यांचे प्रकार, होळकरी काळातल्या हुद्द्यांची नावं. त्यातले निम्मे मीही ऐकलेले नव्हते.

म्हणून विनंती आहे. तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील तर त्या आधी उतरवून घ्या, फीत फार वर्षं थांबत नाही. आणि हजार रुपयांच्या आतला, मधला पट्टा स्वच्छ असलेला, हलका, वायरचा हेडफोन घेऊन घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या डोक्यावर ठेवा. त्यांना काय ऐकू आलं ते लिहून घ्या, आणि आपल्या गावांची, शब्दांची काही भर पडली तर इथे जरूर कळवा.